साइड देणे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या बेटाचं नाव मल. मराठीत ते चारचौघांत उच्चारणं जरा अवघडच, म्हणून आईने पहिल्याच दिवशी त्याचा ‘मल्ल’ केला आणि आम्ही सगळे सुटलो. ओबनहून बोटीने पन्नासेक मिनिटं, मग क्रेगन्यूरच्या धक्क्यावरून गाडी. आमचं भाड्याचं कॉटेज लॉख ना कील नावाच्या खाडीच्या काठी. पांढरं, बुटकं, मागे डोंगर.

आणि पुढे रस्ता. एकच गाडी मावेल एवढा. थोड्या थोड्या अंतरावर डांबराचं पोट जरा बाहेर आलेलं, तिथे खांबावर पाटी : ‘पासिंग प्लेस’. समोरून गाडी आली की ज्याला ती जागा जवळ, त्याने थांबायचं. जागा डावीकडे असेल तर आत शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला उभं राहायचं, आत समोरचा शिरतो. मी पहिल्याच दिवशी उजवीकडे घुसलो. समोरच्या व्हॅनमधले आजोबा शांतपणे थांबले, वळसा घालून गेले आणि जाताना स्टिअरिंगवरून हात वर केला.

“हे एसटीवाल्यांसारखं झालं,” आई म्हणाली. बाबांनी एकवीस वर्षं एसटी चालवली. करूळ घाटात समोरून दुसरी एसटी आली की दोन्ही ड्रायव्हर असाच हात करायचे, ओळख असो वा नसो. लहानपणी मला वाटायचं, बाबांना सगळा महाराष्ट्र ओळखतो.

डोंगरही ओळखीचे निघाले. पायऱ्यापायऱ्यांचे, काळ्या कातळाचे, सह्याद्रीचे दूरचे चुलतभाऊ. तेही लाव्ह्याचेच थर, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपला दख्खनचा कातळ त्यांच्याहून थोडा थोरला. फरक एवढाच की इथे जूनमध्ये रात्री दहालाही त्या पायऱ्या दिसत राहतात. आणि चिलटं. वारा पडला की ढगाने येतात आणि अशी चावतात, की फिरायला गेलेला माणूस पळत घरी येतो.

एक दिवस शेजारच्या उल्वा बेटावर गेलो. धक्क्यावर भिंतीला पांढरी फळी. ती सरकवली की खालचा लाल चौकोन उघडा पडतो. पलीकडच्या काठावरून नावाड्याला तो दिसला की तो निघतो. ना घंटा, ना फोन. मी फळी सरकवली आणि लिफ्टचं बटण दाबल्यासारखा पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत राहिलो. आईने मात्र पर्समधून शेंगदाण्याचे लाडू काढले. दुसरा लाडू संपायच्या आत होडी आली.

हे बेट 2018 मध्ये इथल्याच लोकांनी मिळून विकत घेतलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झालेला लॅकलन मॅक्वारी या उल्वाचा. त्याआधी तो मुंबईत फौजेत होता आणि त्याची पहिली बायको जेन मुंबईतच पुरलेली आहे. तो स्वतः आमच्या कॉटेजच्या वाटेवर, ग्रुलिनला. आईने हिशेब केला : “म्हणजे ती आपल्याकडे आणि हा इथे.” मग बराच वेळ गप्प.

पलीकडे उतरल्या उतरल्या एक छोटं खानावळवजा ठिकाण. लँगुस्टीन मागवले. कोळंबीच्या अंगात खेकड्याचे हात आल्यासारखा जीव, पिंजऱ्यात पकडलेला, नुसता उकडून वर लसणाचं लोणी. आईने एक सोलला, चाखला. “माल ताजा आहे,” ती म्हणाली. मालवणच्या बाईकडून एवढं म्हणजे खूप. “पण बिचाऱ्याला तिखट लावलेलं नाही, सोलकढी नाही. आजाऱ्याचं जेवण!” आजाऱ्याचं जेवण तिने नऊ नग खाल्लं.

परतीच्या दिवशी बोट गाठायची घाई. आता आई पुढच्या सीटवर बसून प्रत्येक गाडीला माझ्याआधी हात करत होती. एका वळणावर भर रस्त्यात मेंढी बसलेली, शेजारची पासिंग प्लेस अख्खी रिकामी. आईने सवयीने हात केला. मग काच खाली करून म्हणाली, “अगं बाई, सर की जरा, आमची बोट आहे.”

मेंढीने रवंथ काही थांबवलं नाही.