धामापूरच्या तळ्याची मागची बाजू

आमच्या मालवणच्या घरातली विहीर चैत्र लागला की मचूळ होते. बंदर पाच मिनिटांवर, त्यामुळे खारं पाणी आत शिरणारच. आई त्या पाण्यात डाळ टाकायची नाही. डाळीला, चहाला, प्यायला नळाचं पाणी, आणि नळाचं पाणी म्हणजे धामापूरचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी बेचाळीस वर्षांत मी ते तळं पाहिलं एकाच जागेवरून, भगवतीच्या देवळापुढून. ओटी भरायची, पायऱ्या उतरून पाय भिजवायचे, घरी यायचं. समोर पाणी, दोन्ही अंगांना डोंगर. त्या पाण्याच्या पलीकडे काय आहे हे मनातच आलं नव्हतं.

गेल्या फाल्गुनात मामाला म्हटलं, मला तळ्याला पुरा वळसा घालायचाय. मामा कट्टा गावात राहतो, वय एकाहत्तर. तो म्हणाला, "प्रदक्षिणा म्हण मगे," आणि कोयता कमरेला अडकवून सकाळी साडेसहाला बांधावर हजर झाला.

बांध मातीचा. हे तळं 1530 साली विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने गावकऱ्यांच्या मदतीने बांधलं असं सांगतात. दोन डोंगरांच्या मधली खिंड मातीने बुजवली आणि वरचं खोरं पाण्याने भरलं. सिंचनासाठी केलेलं शंभर वर्षांहून जुनं आणि अजून कामाचं बांधकाम म्हणून 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मामा त्या बातमीबद्दल फार बोलत नाही. तो बांधावरच्या झाडांकडे बोट दाखवतो: ह्यांच्या मुळांनी माती धरून ठेवलीय.

वाट म्हणावी अशी वाट थोडाच वेळ होती. मग गुरांची वाट लागली, पुढे तीही संपली. ऐन, किंजळ, जांभूळ, मधेच सावरीची लाल फुलं पडलेली. अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी मढलेल्या. आणि मग कुठूनतरी सुरंगीचा वास आला. झाड दिसायच्या आधी मधमाश्यांचा आवाज ऐकू आला, इतका की मी थांबलेच. वळेसर, म्हणजे सुरंगीचे गजरे, करायचे तर कळ्या उमलायच्या आत, उजाडता उजाडता काढाव्या लागतात. आम्ही पोचलो तेव्हा बरीचशी फुलं उमललेली होती. मामाने कळ्यांची एक छोटी डहाळी कापून माझ्या हातात दिली. "वास घेव नको हां, देवीक व्हायची आसा."

डाव्या हाताला पाणी झाडांतून तुकड्यातुकड्याने दिसत राहिलं. अडई बदकांचा एक थवा शीळ घालत उठला आणि लांब जाऊन पुन्हा बसला. खंड्या तर प्रत्येक वाकलेल्या फांदीवर. देवळापुढून हे तळं एकच मोठं पाणी वाटतं, पण आतून ते डोंगराच्या प्रत्येक घळीत थोडं थोडं शिरलेलं आहे.

वरच्या टोकाला गेलो तेव्हा साडेआठ झाले होते. इथे पाणी घोटाभर, मग चिखल, मग भेगा पडलेली माती. कमळपक्षी पानांवरून चालत होते. चिखलाच्या वर एक व्हाळ उतरत होता, कोरडा ठणठणीत. निदान मला तसा दिसला. मामाने काठीने पाचोळा बाजूला केला, खाली जांभ्याच्या फटीतून पाणी झिरपत होतं. करंगळीएवढंही नाही. "पाऊस जावन पाच म्हयने झाले, तरी पाझरता बघ."

मी तिथे खूप वेळ बसले. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उघड्या उतारावर पडलेलं पाणी सरळ समुद्राला जातं. इथे मात्र झाडं त्याचा वेग मोडतात, पाचोळा ते धरून ठेवतो, जांभा सच्छिद्र म्हणून ते आत मुरतं आणि मग महिनोन् महिने असं थेंबाथेंबाने बाहेर येतं. आईच्या डाळीचं पाणी हे होतं. पुस्तकात वाचलेलंच सगळं, पण बोट लावल्यावर ते गार लागलं.

मामाने डबा उघडला, घावणे आणि गुळाचा रस. खाता खाता तळ्याची गोष्ट सांगितली, जी इथे प्रत्येकाला ठाऊक आहे: लग्न निघालं की फुलांचे दागिने परडीत ठेवून परडी तळ्यात सोडायची, सोन्याचे दागिने येत. कार्य झालं की परत करायचे. एकाने केले नाहीत, तेव्हापासून परडी रिकामीच. मामाच्या आजीने त्याला ही इथेच बसून सांगितली होती.

परतीच्या अंगाला एक उतार साफ तोडलेला होता. कलमं लावायची असावीत, खड्डे मारलेले होते. अख्खी टेकडी लाल, आणि गेल्या पावसात तिच्यावरून वाहून आलेली माती पाण्यात पंख्यासारखी पसरलेली. जमीन कोणाची ते मी विचारलं नाही. मामाही काही बोलला नाही, फक्त त्या गाळात काठी खुपसून पाहिली. हातभर आत गेली. मला रडू आलं, खरंच आलं. अशा चार घळी भरल्या तर बांध कितीही भक्कम असो, तळ्यात पाणी राहायला जागा कुठे?

बांधावर परत यायला सव्वादहा झाले. बांधाखालच्या पाटाने पाणी शेताकडे चाललं होतं, मामाने त्यातच कोयता धुतला. ओटीचं सामान मी आणलंच नव्हतं. इतका वेळ मुठीत धरलेली डहाळी भगवतीपुढे ठेवली. कळ्या उन्हाने उमलल्या होत्या. बोटांना वास येत होता, मालवणला घरी पोचेपर्यंत.