गाठ काढली, शेकही दिला, मग ती परत का आली?

नागपुरात किरणोपचार (म्हणजेच शेक) विभागात काम करताना चंद्रपूर, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेले नातेवाईक मला मेंदूच्या गाठीबद्दल हा प्रश्न हमखास विचारतात. आपल्याकडून पथ्यपाण्यात काही कमी पडले की काय, ही धास्ती बहुधा त्यामागे असते. तसे काहीही नसते, हे आधी स्पष्ट सांगतो.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील कर्करोगाच्या गाठीला मुळात काठच नसतो. एमआरआयवर दिसते ती केवळ पेशींची दाट वस्ती. त्यापलीकडच्या, निरोगी दिसणाऱ्या मेंदूत सुट्या पेशी रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या कडेने आणि मज्जातंतूंच्या जुड्यांवरून सरकत आधीच पोहोचलेल्या असतात. अमेरिकी मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये मेंदूचा उजवा गोलार्धच काढण्याच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या, पण त्यानेही हा आजार आटोक्यात आला नाही.

म्हणून शेकाचे नियोजन करताना आम्ही एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत रेषा आखतो, आणि गरम पाण्यात मऊ केलेला जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून डोके जागच्या जागी राहील अशी व्यवस्था करतो. नेहमीची मात्रा सहा आठवड्यांत, ३० भागांत, ६० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). तरीही आजार बहुतेक वेळा याच रेषेच्या आत उलटतो; म्हणजे किरण तिथे पोहोचले नव्हते असे नव्हे, ते झेलूनही काही पेशी तगल्या.

त्या कशा तगतात, हाच संशोधनाचा खरा गाभा आहे. किरण डीएनएचे धागे तोडतात, परंतु मूळपेशींसारख्या काही कर्कपेशी विभाजन थांबवून आधी ते धागे सांधून घेतात, हे २००६ मध्ये दिसून आले. गाठीत जिथे प्राणवायू कमी पडतो, तिथे किरणांचा मारही कमी बसतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलेले पेशींचे जाळे: लांब, बारीक नळ्यांनी जोडलेल्या या पेशी कॅल्शियमचे संकेत एकमेकींना पोहोचवतात, आणि जोडलेल्या पेशी एकट्या पेशींपेक्षा किरणांपुढे अधिक टिकाव धरतात. पुढे २०१९ मध्ये तर निरोगी चेतापेशीच या कर्कपेशींशी सांधे जोडून त्यांच्या वाढीला चालना देतात, असे आढळले.

चेतापेशींकडून कर्कपेशींना मिळणारे हे संकेत अपस्मारावरच्या पेरॅम्पॅनेल या औषधाने रोखता येतील का, याची चाचणी जर्मनीत हाती घेण्यात आली. मात्र हे वाचून कोणी ती गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, आणि झटक्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंदही करू नये.