पोर्ट 53 ची राखण : आमची वाटचाल

केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेली सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात बरीच मंडळी आहेत, त्यातलेच आम्ही. डिश, अॅम्प्लिफायर आणि खांबाखांबावरून ओढलेली केबल एवढंच भांडवल होतं. पुढे फायबर आला, इंटरनेट सेवा द्यायचं सी कॅटेगरीचं (आयएसपी) लायसन्स काढलं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांपासून मिरजेतल्या दवाखान्यांपर्यंत कनेक्शनं दिली. ही हकीकत आमच्यासारख्या कुणाचीही असू शकते, म्हणून लांबवत नाही. मला लिहायचंय ते आमच्या दोन डीएनएस मशीनविषयी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता (आयपी) शोधून देणाऱ्या. त्यांच्याबद्दल ग्राहकानं कधी विचारलेलं नाही, पण या धंद्यात मी सगळ्यात जास्त जीव लावला तो त्यांच्यावर.

हे नाव शोधून देणारे सर्व्हर, म्हणजे नेम सर्व्हर, सुरुवातीला वरच्या कंपनीचेच वापरायचो. ज्यांच्याकडून बँडविड्थ घेतली त्यांनी दोन आयपी लिहून दिले, ते प्रत्येक राउटरमध्ये घालायचे की काम झालं. एका संध्याकाळी फोन सुरू झाले. "दादा, नेट गेलंय की ओ." पोरगा लाईनवर पाठवला तर ओएनयूवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, लाल दिवा नाही, पिंग (लाईन तपासायची हाक) जातंय, आधीपासून सुरू असलेला व्हिडिओसुद्धा चाललाय. फक्त नवीन काही उघडंना झालेलं. वरचे नेम सर्व्हर गार पडले होते. तक्रार नोंदवून तिकीट नंबर घेऊन बसण्याखेरीज आमच्या हातात काही नव्हतं. लाईन आमची, ग्राहक आमचे, बोलणी आम्हाला आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. त्याच आठवड्यात स्वतःचे सर्व्हर मांडायचं ठरवलं.

माणूस नाव टाइप करतो, मशीनला आकडे लागतात. त्या नावाचा आयपी शोधून आणायचं काम रिझॉल्व्हरचं. तो आधी सगळ्यात वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरला विचारतो. रूटची ए ते एम अशी 13 नावं आहेत, पण प्रती जगभर पसरलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. रूट त्याला डॉट इनकडे किंवा डॉट कॉमकडे पाठवतो, तिथून तो त्या नावाच्या मालकाच्या सर्व्हरकडे जातो आणि उत्तर घेऊन येतो. ते उत्तर ठरलेल्या मुदतीपर्यंत कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतं. एका घरानं सकाळी बँकेचं नाव विचारलं की मुदत असेपर्यंत शेजारच्या गल्लीला ते एक-दोन मिलिसेकंदांत मिळतं.

लोक विचारतात, गुगलचा 8.8.8.8 आहे, क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1 आहे, मग हा खटाटोप कशाला? पहिला 2009 पासून आहे, दुसरा 2018 पासून, आणि दोन्ही चांगलेच आहेत. पण मोठ्या साइट विचारणारा रिझॉल्व्हर कुठे आहे ते बघून जवळचा सर्व्हर देतात. रिझॉल्व्हर लांबचा असला की कधी कधी व्हिडिओही लांबून यायला लागतो. आणि ग्राहकाचा प्रत्येक शब्द बाहेर पाठवायचा की घरात ठेवायचा, हे ठरवणं मला आमचं काम वाटतं.

एका मशीनवर बाइंड टाकलं, दुसऱ्यावर अनबाऊंड. दोन्हीकडे एकच सॉफ्टवेअर असतं तर सांभाळायला सोपं पडलं असतं, पण मग खोटही दोन्हीकडे एकच निघाली असती. बाइंड एका पॅकेटनं (डेटाच्या एका तुकड्यानं) बंद पाडता येतं, हे 2015 च्या जुलैमध्ये उघड झालं, तेव्हा अनबाऊंडवर भार टाकून आम्ही बाइंडचं मशीन निवांत पॅच (दुरुस्त) केलं. दोन्हींना थेट पब्लिक आयपी दिला, नॅटच्या, म्हणजे अनेक मशीननी एकच पत्ता वापरायच्या सोयीच्या, मागे ठेवलं नाही. त्याला कारण 2008 ची गोष्ट. सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिलं की प्रश्नाचा नंबर 65,536 पैकीच एक असल्यामुळे खोटं उत्तर कॅशेमध्ये घुसवणं फार अवघड नाही. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळ्या, अंदाज न येणाऱ्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार) पाठवायला सुरुवात झाली. नॅट करणारा राउटर ते पोर्ट पुन्हा ओळीनं लावून देत असेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

आमच्या रिझॉल्व्हरला फक्त आमच्या ग्राहकांनीच प्रश्न विचारायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून. सगळ्या जगाला उत्तर देणारा रिझॉल्व्हर हे दुसऱ्याला मारायचं हत्यार बनतं. हल्लेखोर खोट्या पत्त्यानं लहानसा प्रश्न पाठवतो आणि 28 ते 54 पट मोठं उत्तर त्या पत्त्याच्या खऱ्या मालकावर जाऊन आदळतं. 2013 च्या मार्चमध्ये स्पॅमहॉस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेवर असाच मारा झाला होता. म्हणून आमच्या नेटवर्कमधून खोटा सोर्स पत्ता लावलेलं पॅकेट बाहेर जाऊच देत नाही. ही शिफारस 2000 सालची आहे, तरी ती न पाळणारे आजही भेटतात.

खरी डोकेदुखी निघाली ग्राहकाच्या घरात. स्वस्तातले वाय-फाय राउटर बाहेरच्या बाजूनंही पोर्ट 53, म्हणजे डीएनएसचे प्रश्न घ्यायचं दार, उघडं ठेवतात, म्हणजे आमचा रिझॉल्व्हर बंदिस्त आणि प्रत्येक घरात एक उघडा. परदेशातून तक्रारीच्या मेल यायला लागल्या, तसं घरगुती कनेक्शनकडे बाहेरून येणारं पोर्ट 53 आम्ही बंद केलं. ज्या कारखान्याचा स्वतःचा सर्व्हर आहे त्याला मागणीप्रमाणे उघडून देतो. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडे बँकेचं पान वेगळंच दिसतंय म्हणून आमचा पोरगा गेला, तर राउटरमधल्या डीएनएसच्या चौकटीत आमचे आयपी नव्हतेच. पासवर्ड 'अॅडमिन' होता आणि कुणीतरी परदेशातला पत्ता घालून ठेवला होता. तेव्हापासून तक्रार कुठलीही असो, पोरं आधी ते पान उघडून दोन चौकटी बघतात आणि निघताना पासवर्ड बदलून देतात.

डीएनएससेक, म्हणजे उत्तरावरची डिजिटल सही तपासणं, आम्ही लवकर चालू केलं. रूटवर सही 2010 च्या जुलैपासून आहे. 11 ऑक्टोबर 2018 ला रूटची मुख्य किल्ली पहिल्यांदा बदलली, तेव्हा नवी किल्ली दोन्ही मशीनवर आली आहे ना, हे आधीच डोळ्यांनी बघून घेतलं होतं. त्रास दिला तो वेगळ्याच गोष्टीनं. वीज जाऊन आल्यावर एक मशीन उठलं ते काही वर्षं मागची तारीख घेऊन. मदरबोर्डवरचा सेल संपला होता. सहीला मुदत असते, मशीनच्या घड्याळात ती मुदत सुरूच झालेली नाही, म्हणून सही असलेलं प्रत्येक नाव ते नाकारत होतं. बरं, वेळ लावून घ्यायची तर टाइम सर्व्हरचं नाव शोधावं लागतं आणि तेही त्याच सर्व्हरनं शोधायचं! आता टाइम सर्व्हर नावानं नाही, आयपीनं घातलेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत सेल बदलतो. 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं घड्याळ जुळवणं, लॉग (मशीनमधल्या नोंदी) 180 दिवस ठेवणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं, तेव्हा घड्याळाचं काम आमच्याकडे झालेलं होतं.

4 ऑक्टोबर 2021 ची रात्र या धंद्यातल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. नऊच्या सुमाराला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिन्ही गेले. त्यांच्या नेम सर्व्हरकडे जाणारा रस्ताच इंटरनेटवरून पुसला गेला होता. आमची चूक काडीची नव्हती, पण फोन आमच्याकडेच. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक मोबाइल उत्तर मिळेना म्हणून पुन्हा पुन्हा तेच विचारत होता आणि रिझॉल्व्हरवरचा आलेख सरळ वर चढत होता. एखादा सर्व्हर गप्प बसला तर त्याच्यासाठी एका वेळी किती प्रश्न ताटकळत ठेवायचे, याला आम्ही मर्यादा घातलेली होती. म्हणून त्या रात्री बाकीची नावं, बँका आणि दवाखाने, बिनबोभाट चालली.

2019 चा पूर मात्र वेगळा. ऑफिस हरभट रोडला, पहिल्या मजल्यावर. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे सांगलीच्या पोराला शाळेत असतानाच ठाऊक असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. खाली पाणी, वीज नाही, जनरेटरला डिझेल पोचवायचं तर होडी लागणार. ऑफिसातलं मशीन आम्ही शिस्तीत बंद केलं. दुसरं विश्रामबागला उंचावर होतं, तिकडच्या आणि मिरजेच्या ग्राहकांचं काम त्याच्यावर सुरू राहिलं. आमच्या स्वतःच्या डोमेनचा, आणि ज्यांची डोमेनं आमच्याकडे आहेत त्यांचा, दुय्यम सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे. मूळ सर्व्हर दिसेनासा झाला की दुय्यम ठरावीक मुदतीपर्यंतच उत्तर देतो, मग गप्प होतो. ती मुदत बरेच जण एक आठवडा ठेवतात, आमची चार आठवडे होती. त्यामुळे दुकानं पाण्यात असली तरी आमच्या व्यापाऱ्यांच्या मेल पोचत राहिल्या. पूर ओसरल्यावर एक बदल केला. आता दोन्ही ठिकाणांहून रिझॉल्व्हरचा एकच आयपी ओएसपीएफमधून, म्हणजे राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायच्या पद्धतीतून, जाहीर होतो. एक जागा गेली तर वाहतूक आपोआप दुसरीकडे वळते, ग्राहकाच्या राउटरला हात लावावा लागत नाही.

मध्यंतरी एक विक्रेता आला होता. ग्राहकानं चुकीचं नाव टाइप केलं की 'असं नाव नाही' ऐवजी जाहिरातीचं पान दाखवायचं, पैसे महिन्याला. रक्कम आमच्यासारख्याला मोहात पाडणारी होती. मी नाही म्हटलं. नाव नसेल तर नाही म्हणून सांगायचं, एवढ्या एका गोष्टीवर मेल सर्व्हरपासून प्रिंटरपर्यंत कितीतरी यंत्रं चालतात. लॉगचंही तसंच. घराघरातून काय विचारलं जातं ते त्यात उतरतं. कायद्यानं जेवढं ठेवायचं तेवढं ठेवतो, उघडायची परवानगी दोघांनाच आहे आणि कुणी कधी उघडलं याची नोंद राहते.

फेब्रुवारी 2024 मध्ये 'कीट्रॅप' नावाची खोट जाहीर झाली. एकाच पॅकेटनं सही तपासणारा रिझॉल्व्हर तासन् तास अडकून पडेल अशी. त्या रात्री पॅच करायला मी बसलो नाही, थोरल्या मुलीनं ते काम केलं. आधी विश्रामबागचं मशीन बाजूला काढलं, अपडेट केलं, तपासलं, परत लाईनवर घेतलं आणि मग हरभट रोडचं. हा क्रम तिनं स्वतः लिहून भिंतीला चिकटवलाय.

सध्या पलूस आणि कवठेमहांकाळकडचे काही केबलवाले मित्र आमच्याकडे येतात. त्यांना आमची कॉन्फिगरेशन फाइल देतो, पासवर्ड आणि आयपी काढून. पहिला महिना त्यांचा रिझॉल्व्हर आमच्या मॉनिटरिंगवरही ठेवतो. पैसे घेत नाही. दोनच अटी घालतो : बाहेरच्याला उत्तर द्यायचं नाही आणि दुसरं मशीन त्याच इमारतीत ठेवायचं नाही.