पाणी खाणारी गाडी आणि तीन जॉबकार्डं

"दादा, तापमानाचा काटा तर मध्यावरच असतो. मग पाणी जातं कुठं?"

मॅडमनी माझ्या गॅरेजमध्ये येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि पहिलं हेच विचारलं. वॉरंटीवाल्यांच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये त्यांनी हाच प्रश्न तीनदा विचारला होता. तो एकदा जरी जसाच्या तसा जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या कागदावर, उतरला असता, तर पुढचं भांडण निम्म्यावर आलं असतं, असं मला अजून वाटतं.

गाडी आठ वर्षांची डिझेल. घेतली नोव्हेंबरात, जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, ७८,४१० किलोमीटरला. सोबत इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी, सहा महिने किंवा ७,५०० किलोमीटर. मॅडम राहायला वाईत आणि शाळा पाचगणीच्या पुढं, म्हणजे रोज पसरणी घाट. बारा-एक किलोमीटरची चढण, बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधली. सपाट हायवेवर पन्नास किलोमीटर पळवून जे कळत नाही, ते हा घाट वीस मिनिटांत सांगतो.

पहिलं जॉबकार्ड: 'वरचा होज पाइप लीक. होज व क्लिप बदलली.' दुसरं: 'हीटर गरम हवा देत नाही. थर्मोस्टॅट बदलला, एअर काढली.' तिसरं: 'वॉटर पंपाच्या सीलमधून गळती. पंप बदलला.' तिन्ही वेळा प्रेशर टेस्ट केल्याची नोंद, तिन्ही वेळा 'ओके'. तिन्ही वेळा तक्रार खरी होती आणि बसवलेला नवा पार्ट चांगला होता. त्या पोरांनी फसवलं, असं मी म्हणणार नाही. तीन हजार किलोमीटरच्या आत एकाच गाडीचे कुलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, लायनीतले तीन पार्ट का जातात, हे मात्र कुणी विचारलं नाही. वर्कशॉपमध्ये पगार पार्ट बदलण्याचा मिळतो, विचार करण्याचा तास बिलात लावता येत नाही. दोष त्या पद्धतीचा आहे.

कुलंटच्या प्रेशर टेस्टमध्ये टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावतात, १.२ बारपर्यंत दाब भरतात आणि पंधरा मिनिटं काटा पडतो का ते बघतात. पाइप, रेडिएटर, पंप यांची गळती त्यात सापडते. हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टनं बसवलेलं हेड यांच्यामधल्या पातळ पट्टीची) सुरुवातीची गळती सापडेलच असं नाही, कारण दाब उलट्या बाजूनं येत असतो. सिलिंडरच्या आत जळताना शंभर बारच्या वर दाब जातो. त्या दाबानं हेड केसभर उचललं जातं, जळालेला गॅस कुलंटमध्ये शिरतो आणि दाब ओसरला की फट मिटते. आपण बाहेरून सव्वा बार लावून पंधरा मिनिटं बघत बसतो आणि काटा हलत नाही.

आता ती तीन जॉबकार्डं पुन्हा वाचा. गॅस शिरल्यामुळं दाब वाढला आणि होज क्लिपपाशी फाटला. गॅस वर चढून हीटरच्या जाळीत आणि थर्मोस्टॅटखाली (पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) साठला, म्हणून घाटात हीटर थंड पडायचा आणि थर्मोस्टॅट वेळेवर उघडायचा नाही. पंपाचं सील पाण्यावर चालतं. त्याला पाण्याऐवजी वाफ आणि गॅस मिळाला की ते कोरडं घासतं. आजार एकच होता आणि त्याची लक्षणं तीन कागदांवर तीन वेगवेगळे आजार म्हणून लिहिली गेली.

काट्याचं उत्तर मी मॅडमना तिथंच दिलं. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. ऐंशी अंशाला मध्यावर येतो आणि शंभराच्या आसपास जाईपर्यंत तिथंच बसतो. वर सेन्सरभोवतीचं पाणीच गेलं आणि तिथं गॅस साठला, तर सेन्सर खरं तापमान वाचतच नाही. म्हणून घाटात हीटरची हवा अचानक गार येऊ लागली, की काट्याकडं न बघता गाडी बाजूला घ्यायची. मॅडम तेच करत होत्या. पुढं वॉरंटीवाल्यांनी 'गाडी गरम असताना चालवली' असा ठपका ठेवला, तेव्हा माझी सगळ्यात जास्त चिडचिड त्या एका ओळीवर झाली.

हेड उघडायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. वॉरंटीच्या भांडणात घाईनं खोललेलं इंजिन म्हणजे हातानं पुसलेला पुरावा. न खोलता करता येतं तेवढं आधी केलं आणि प्रत्येक वेळी ओडोमीटर दिसेल असा मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

पहिली परीक्षा फुकटची आहे. गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी सहाला, इंजिन पूर्ण गार असताना, टाकीचं झाकण अर्धा आटा फिरवलं. फुस्स! गार इंजिनात दाब उरायचं कारण नाही, कुलंट आकसल्यावर तो जातो. उरला, म्हणजे गॅस भरलेला आहे. झाकण लावून गाडी चालू केली आणि वरचा होज हातात धरून बसलो. मिनिटभरात तो लाकडासारखा कडक झाला. पाणी कोमटही झालं नव्हतं.

मग घाट. टाकीवर मार्करनं रेघ मारली आणि मॅडमनाच चालवायला सांगितलं, कारण गाडी त्यांच्या पायाखाली जशी चालते तशीच मला बघायची होती. वर पोचल्यावर कुलंट रेघेच्या बोटभर खाली. चाळीस मिनिटं थांबलो. होज मुठीत धरवला, तेव्हाच झाकण काढलं. गरम टाकी उघडू नका, चेहरा भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. टाकीवर ब्लॉक टेस्टर धरला. त्यात निळं औषध असतं, टाकीतली हवा त्यातून ओढायची, जळालेला गॅस असेल तर रंग बदलतो. कुलंट आधी थोडं कमी करायचं, नाहीतर तेच नळीत चढतं आणि टेस्ट वाया जाते. दोन मिनिटांत निळ्याचं हिरवं, मग पिवळसर झालं. हीच टेस्ट खाली गॅरेजमध्ये आयडलवर, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन चालू असताना, आदल्या दिवशी केली होती. तेव्हा औषध निळंच राहिलं होतं. घाट चढून न जाता 'ओके' लिहिणं किती सोपं आहे, ते तेव्हा कळलं.

शेवटी कोणता सिलिंडर ते बघितलं. ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) काढून त्या भोकातून सहा बार हवा, पिस्टन वर, गाडी गिअरमध्ये. (ग्लो प्लग इंजिन गरम असतानाच सोडवावेत, गार इंजिनात तुटले तर नवीनच संकट.) एक, दोन, चार ठीक. तीन नंबरला हवा सोडली आणि टाकीत बुडबुड्यांची ओळ लागली.

हे सगळं लिहून वॉरंटी कंपनीला पाठवलं. उत्तर आलं: 'आधी ग्राहकाच्या खर्चानं इंजिन खोला, मग सर्व्हेअर पाहणी करील, मग दावा मंजूर की नामंजूर ते ठरेल.' म्हणजे नामंजूर झाला तर सुटं इंजिन आणि खोलण्याची मजुरी दोन्ही ग्राहकाच्या गळ्यात. मॅडमना मी दोन गोष्टी लेखी मागायला लावल्या. सर्व्हेअरसमोरच हेड उतरेल, आणि दोष वॉरंटीतल्या पार्टचा निघाला तर खोलण्याची मजुरी कंपनी देईल. पहिली मान्य झाली. दुसरीवर शेवटपर्यंत उत्तर नाही.

सर्व्हेअर नवव्या दिवशी आले. हेड उतरलं तेव्हा आधी बघितली गॅस्केट. डिझेल इंजिनाला ती वेगवेगळ्या जाडीची येते, कडेच्या खाचांवरून जाडी ओळखतात आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजनं मोजून निवडतात. आमच्या मापाला मधली बसत होती. निघाली ती सगळ्यात जाड. जाड गॅस्केट अंदाजानं कोण टाकतं? ज्यानं हेड फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू मशिनवर घासून सपाट करून, घेतलंय आणि कमी झालेली उंची भरून काढायची आहे तो. हेडची उंची मोजली, पुस्तकातल्या मापापेक्षा ०.३ मिलिमीटर कमी. या इंजिनाचं हेड घासायचंच नाही, असं कंपनीचं पुस्तक स्पष्ट सांगतं.

मग सर्व्हेअर साहेबांचं बोट धरून मी हेडच्या पृष्ठभागावरून फिरवलं. नख अडकत होतं. कटरच्या गोल रेघा डोळ्यांना दिसत होत्या. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटवर असलं फेसिंग खपून जायचं. आताची गॅस्केट म्हणजे स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक, तिला जवळजवळ आरशासारखा गुळगुळीत भाग लागतो. स्ट्रेट एज, म्हणजे सरळ धारेची पट्टी, तिरकी ठेवली, तर खाली ०.१२ मिलिमीटरचं फीलर, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, सहज गेलं. चालतं ०.०५. बोल्टही जुनेच. हे बोल्ट ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश असे कसतात. त्यात ते ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. नव्या बोल्टचे आटे जुन्याच्या आट्यांत बसवून उजेडासमोर धरले. दहांपैकी दोघांमधून उजेड आला, त्यांची कंबर बारीक झाली होती.

रेडिएटरच्या खालच्या टाकीत आणि हीटरच्या पाइपात तपकिरी, तांबूस गाळ निघाला. गळती बुजवायची पावडर. कुणीतरी घालून वेळ मारून नेली होती.

सर्व्हेअरनी चाळीस फोटो काढले आणि जाताना म्हणाले, "गॅस्केट झिजणारा पार्ट आहे." लेखी नकारात तीन कारणं होती: झिजणारे पार्ट, गरम झाल्यानं झालेलं नुकसान, आणि इंजिन आधी बाहेर खोललेलं असणं. तिसऱ्या कारणानं मी हादरलो. इंजिन आधी खोललेलं आहे हे आमचंच म्हणणं होतं, आणि तेच त्यांनी मॅडमच्या अंगावर टाकलं. 'खरेदीनंतर ग्राहकानं बाहेर खोललं नाही याचा पुरावा नाही.' आणि आधीच्या तीन जॉबकार्डांबद्दल एक ओळ: 'तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या व किरकोळ, आवर्ती दोष नाही.'

तीन रात्री त्यावर विचार केला. पुरावा निघाला डीलरच्याच कागदात. विक्रीआधी त्यांनी ग्राहकाला तपासणी अहवाल दिला होता, फोटोंसकट. इंजिनाच्या फोटोत कॅम कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेला लाल सिलिकॉनची रेघ बाहेर आलेली. या कव्हरला कारखान्यातून नुसतं रबरी गॅस्केट असतं, सिलिकॉन नाही. दोन बोल्टच्या डोक्यांवर पाना घसरल्याचे चकचकीत ओरखडे. मी हेड उतरवण्याआधी काढलेल्या फोटोत तीच रेघ, तेच ओरखडे, त्याच जागी. आणि अहवालात त्या फोटोखाली छापलेलं: 'इंजिन खोललेलं नाही.' फोटो काढणाऱ्यानं काढला, पण त्यात काय आहे ते कुणीच बघितलं नाही.

आणखी एक कागद मॅडमनी स्वतः शोधून मागितला, श्रेय त्यांचंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि ताब्यातली प्रत्येक गाडी कशासाठी, कुणी, किती किलोमीटर बाहेर नेली याचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर ठेवावं लागतं. मॅडमनी या गाडीच्या नोंदी लेखी मागितल्या. डीलरकडून त्या आल्या नाहीत. त्याऐवजी, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर पाचव्या दिवशी फोन आला, की पार्टचे पैसे देतो, मिटवा.

नवं हेड, मापाप्रमाणे गॅस्केट, दहा नवे बोल्ट, रेडिएटर, हीटरची जाळी, कुलंट. हीटरच्या जाळीसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, पण तो गाळ पाण्यानं पूर्ण धुऊन निघत नाही, राहिला तर नवा रेडिएटर भरतो. एकूण ६८,४०० रुपये. डीलरनं पार्टचे ४६,००० दिले, मजुरी मॅडमनी भरली. वॉरंटी कंपनीनं एक रुपया दिला नाही. त्यांच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. ती पावडर कुणी घातली? विक्रीआधी, की तीन दुरुस्त्यांपैकी एखादीत? पहिल्या जॉबकार्डाच्या वेळी निघालेल्या कुलंटची बाटलीभर कुणी ठेवली असती, तर कळलं असतं. आता माझ्याकडं कुलंटची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीचं अर्धा लिटर मी नंबर-तारीख लिहून ठेवतो, आणि जॉबकार्डावर पहिली ओळ गिऱ्हाइकाच्या तोंडची, पार्टचं नाव नंतर.

मॅडमची गाडी महिनाभरानं पुन्हा पसरणी घाटात नेली. वर पोचलो तेव्हा कुलंट रेघेवर होतं आणि हीटरसमोर हात धरवत नव्हता. जुनं हेड, दोन ताणलेले बोल्ट आणि गॅस्केट माझ्याकडं मांडणीवर प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेत, वर गाडीचा नंबर आणि सर्व्हेअरची सही. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.