तुम्ही विचारलंत म्हणून: निपाणी म्हणजे कोल्हापूरच ना?

पुण्या-मुंबईत कुणाशी ओळख झाली, मी गाव निपाणी सांगितलं, की पुढचा प्रश्न हाच. नाही हो. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, आणि आमचं जिल्ह्याचं ठिकाण जवळजवळ त्याच्या दुप्पट लांब. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हा आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. दोन राज्यांच्या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालानंसुद्धा निपाणी महाराष्ट्राला द्यावी असंच म्हटलं होतं. ते काही झालं नाही. महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला. इकडे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून घ्यायला आमच्या म्हाताऱ्या माणसांना कुणाला तरी धरावं लागतं. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा घोळ कशानं होतो तेही कळतं. मोठं दुखणं निघालं की कोल्हापूर, लग्नाचा बस्ता कोल्हापूर, आणि रेल्वेसाठीही कोल्हापूरच गाठायचं, कारण निपाणीला स्टेशन नाही. देवचंद कॉलेज गावाला लागूनच, अर्जुननगरला. पण अर्जुननगर पडतं कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमची पोरं घरनं निघून, राज्य ओलांडून, तासाला वेळेवर पोचतात.

पण तेवढ्यावरून निपाणीला कोल्हापूरचं शेपूट समजू नका. हे गाव तंबाखूवर वाढलं. भोवतालच्या रानात तंबाखू, गावात वखारी, घरोघरी विड्या. माझी आजी मांडीवर सूप घेऊन बसायची. भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कातरायचं, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा. शेजारणीशी बोलणं चालू असायचं आणि हातांकडे बघावंही लागत नसे. 25 विड्यांचा एक कट्टा. माल द्यायला गेलं की मुकादम पसंत न पडलेल्या विड्या बाजूला काढायचा. ती छाट. तिचे पैसे नाहीत, आणि विडीही परत नाही! संध्याकाळी आजी त्या छाटीचा हिशेब मोठ्यानं सांगायची, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचे हाल तर त्याहून वाईट. तोंडाला फडकं गुंडाळलं तरी धूळ छातीत जायचीच.

याच बायकांनी आपली संघटना बांधली. देवचंदमधले प्रा. सुभाष जोशी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे 1981 मध्ये, तंबाखूला भाव मिळावा म्हणून, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. बरेच दिवस रस्ता बंद होता. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळ्या चालवल्या, शेतकरी मेले. निपाणीचं नाव निघालं की लोकांना हे आठवावं असं मला मनापासून वाटतं.

आता रानात ऊस आणि सोयाबीन वाढलंय. आजीनंतर आमच्या घरात सूप कुणी मांडीवर घेतलं नाही. गल्लीतली बरीच पोरं सकाळी कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात. पगार महाराष्ट्रात, मतदान कर्नाटकात, आणि मोटरसायकलचा नंबर केए 23.