अटलांटा तुरुंगातील कैदी क्रमांक ९६५३

अमेरिकेच्या १९२० मधील अध्यक्षीय निवडणुकीविषयी वाचताना दोन गोष्टी हमखास भेटतात: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने देशभरातील स्त्रियांना मिळालेला मताधिकार, आणि पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने २ नोव्हेंबरच्या रात्री रेडिओवरून ऐकवलेले निकाल. दोन्ही महत्त्वाच्या आहेत, हे मला मान्य आहे. तरीही माझे मन दरवेळी अडकते ते समाजवादी पक्षाच्या उमेदवारापाशी, कारण यूजीन डेब्ज यांनी ती निवडणूक अटलांटा येथील केंद्रीय तुरुंगातून लढवली.

मुख्य लढतीतील वॉरन हार्डिंग आणि जेम्स कॉक्स हे दोघेही ओहायोचे आणि दोघेही वृत्तपत्रांचे मालक होते. पहिल्या महायुद्धाला कंटाळलेल्या मतदारांना पूर्वीचे सुरळीत दिवस परत आणण्याचे आश्वासन हार्डिंग यांनी दिले, प्रचाराची बरीचशी भाषणे मॅरियन गावातील आपल्या घराच्या ओसरीवरूनच केली आणि सुमारे ६० टक्के मते मिळवून ते निवडून आले.

डेब्ज यांचे आयुष्य निराळ्या वाटेने गेले होते. इंडियानातील टेरे होट गावी १८५५ साली जन्मलेला हा माणूस चौदाव्या वर्षी रेल्वेच्या कामाला लागला, पुढे इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला आणि १८९४ च्या पुलमन या रेल्वे कामगारांच्या संपाचे नेतृत्व केल्याबद्दल त्याने सहा महिने तुरुंगवास भोगला. १९०० पासून चार वेळा ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले होते. १६ जून १९१८ रोजी ओहायोतील कँटन येथे त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. युद्ध पुकारणारे सत्ताधारी असतात आणि त्यात मरणारे सामान्य लोक असतात, या आशयाचे ते बोलले. हेरगिरीविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. जगात एकही जीव तुरुंगात असेपर्यंत मी मुक्त नाही, असे त्यांनी शिक्षा ऐकण्यापूर्वी न्यायाधीशांना सांगितले आणि दहा वर्षांची शिक्षा शांतपणे स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९१९ मध्ये ती एकमताने कायम केली. म्हणजे युद्धात अडथळा आणल्याबद्दल डेब्ज एप्रिलमध्ये गजाआड गेले, तेव्हा ते युद्ध थांबून पाच महिने झाले होते! हेरगिरी रोखण्यासाठी केलेला कायदा एका उघड सभेतील भाषणावर चालवला गेला, हा मला अन्यायच वाटतो.

त्यांच्या समर्थकांनी प्रचारासाठी बिल्ले काढले, त्यांवर कैद्याच्या वेषातील डेब्ज यांचे छायाचित्र आणि ९६५३ हा त्यांचा तुरुंगातील क्रमांक छापला. या उमेदवाराला एकही सभा घेता आली नाही, तरी त्याला नऊ लाखांहून अधिक मते पडली. १९१२ मध्येही त्यांना जवळजवळ इतकीच मते मिळाली होती आणि तेव्हा ती एकूण मतांच्या सहा टक्के होती; या वेळी मात्र स्त्रियांच्या मतदानामुळे एकूण मते दीड कोटींवरून पावणेतीन कोटींच्या आसपास गेली आणि तेवढ्याच मतांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्याही खाली आला. हा वाटा पाहून त्यांचा प्रभाव ओसरला असे म्हणता येईल, पण मला त्या नऊ लाख माणसांचा निर्धार अधिक मोठा वाटतो.

त्यानंतर जे घडले ते मला सर्वाधिक विचार करायला लावते. जगाला लोकशाहीचे आदर्श सांगणाऱ्या तत्कालीन अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सुटकेची शिफारस स्वतःच्या महान्यायवादींकडून आलेली असतानाही फेटाळली. हार्डिंग यांची गणना बरेच इतिहासकार दुबळ्या अध्यक्षांत करतात, आणि टीपॉट डोमच्या तेल घोटाळ्यामुळे त्यांच्या कारकिर्दीला लागलेला डाग पुसणारा नाही. परंतु डेब्ज यांना न्याय दिला तो त्यांनीच. मार्च १९२१ मध्ये डेब्ज यांना कोणत्याही पहारेकऱ्याविना, एकट्याने रेल्वेने वॉशिंग्टनला जाऊन नव्या महान्यायवादींना भेटण्याची मुभा मिळाली, आणि ते भेट आटोपून दिलेल्या शब्दाप्रमाणे तुरुंगात परतले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हार्डिंग यांनी त्यांची सुटका केली आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसमध्ये भेटीला बोलावले.

ती सुटका म्हणजे शिक्षेतील सूट होती, माफी नव्हे. त्यामुळे गमावलेले नागरिकत्वाचे हक्क डेब्ज यांना परत मिळाले नाहीत. १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि अमेरिकेच्या काँग्रेसने ते हक्क बहाल केले ते १९७६ साली.