उंच केलेल्या ट्रॅक्टरचं पुढचं अलाइनमेंट: माझा अनुभव

उभ्या कपाशीत कोळपणी, फवारणी करता यावी म्हणून आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला मागे उंच, अरुंद टायर बसवून घेतात आणि पुढचा एक्सल ओळींच्या मापात आणतात. माझ्या ओळी 4 फुटांवर, म्हणून दोन्ही चाकांचं मध्य ते मध्य अंतर 120 सेंमी ठेवलं. (फोर-व्हील ड्राइव्हला नुसते मागचे टायर बदलूच नका, पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडतं आणि गिअरवर ताण येतो.)

काम झाल्यावर डांबरीवर स्टेअरिंग भटकायला लागलं, वळणानंतर आपसूक सरळ येईना. अशा वेळी फिटर आधी टाय रॉडला (पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) पाना लावतो. खरं कारण मागे असतं. किंगपिनचं (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं तिचं) वरचं टोक थोडं मागे कललेलं असतं, तो कास्टर. त्याच्यामुळेच चाक सरळ यायला बघतं. मागचा भाग 5 सेंमी उचलला आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 190 सेंमी असला, तर ट्रॅक्टर सुमारे दीड अंश पुढे झुकतो आणि तेवढा कास्टर जातो. टाय रॉड कितीही फिरवा, तो परत येत नाही. पुढचंही तेवढंच उचलावं लागतं. मी 5 सेंमी लांब, एकसंध घडवलेले स्टब (पुढचं चाक ज्यावर बसतं तो भाग) बसवले. जुना स्टब कापून वेल्डिंगने वाढवून देणारे आहेत, पण तिथे जोड चालवणं मला मुळीच पटत नाही. तुटला तर चाकच निघून जातं.

मग खेळ तपासला. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं की बेअरिंग किंवा किंगपिनचं बुश कळतं. डावी-उजवीकडे हलवलं की टाय रॉड एंड. हबचा नट चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत कसायचा, मग एक खाच मागे घेऊन नवी स्प्लिट पिन. बुश खाल्लेलं असेल तर पुढचं माप घेण्यात अर्थ नाही. काळी माती किंगपिनमध्ये शिरते, म्हणून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. हवा दोन्हीकडे सारखी, आणि सकाळीच भरायची. मे महिन्यात दुपारचं प्रेशर फसवं असतं.

आता टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं. रिंगवरून माप घेतलं तर वाकडी रिंग फसवते. मी उचललेलं चाक फिरवत टायरच्या मधल्या धारेवर खिळ्याने बारीक रेघ ओढली, दोन्हीकडे. ट्रॅक्टर खाली घेऊन सपाट कोब्यावर दोन-तीन मीटर पुढे ढकलला. मागे ढकलायचा नाही, त्याने चाकं उलटी ताणली जातात. हबच्या उंचीला टायरच्या मागच्या टोकावर रेघेवर खडूची खूण केली, ओळंब्याने जमिनीवर उतरवली, दोन खुणांमधलं अंतर घेतलं. मग चाक अर्धा फेरा पुढे नेलं, तीच खूण समोर आली, पुन्हा माप. पुढचं जेवढं कमी, तेवढा टो-इन. चालताना चाकं मागे दाबली जाऊन पुढून उघडतात, म्हणून थोडा टो-इन लागतोच. किती, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि माप रिंगवर सांगितलंय की टायरवर तेही: 6.00-16 टायरवर 7 मिमी म्हणजे रिंगच्या कडेला सुमारे 4.

इथेच घाई नडते. टाय रॉडचे आटे 1.5 मिमीचे आणि स्टेअरिंग आर्म (चाकाला टाय रॉडशी जोडणारा हात) 15 सेंमीचा असेल, तर एका टोकाचा एक पूर्ण फेरा टायरवर 7 मिमीच्या वर फरक पाडतो. म्हणून पाव-पाव फेराच फिरवायचा. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे असतील तर तेवढ्याच फेऱ्यात दुप्पट.

चेक नट (रॉड जागेवर पक्का धरणारा नट) कसताना रॉड थोडा फिरतोच, तेव्हा कसल्यावर पुन्हा मोजलं. आटे निदान रॉडच्या जाडीएवढे आत राहिले पाहिजेत. स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन टायर कुठे घासत नाही हे बघितलं. एक दिवस शेतात चालवून पुढच्या टायरच्या धारेवरून हात फिरवला: आतून बाहेर नेताना बोचलं तर टो-इन जास्त, बाहेरून आत नेताना बोचलं तर कमी.